चावी माझ्या हातात, ॲम्प तरीही चालू!

ॲक्सिलरेटर दाबला की गाण्याच्या मागे कुणीतरी 'कुंईंईं...' करत रडायला लागतं. गिअर बदलला की तो सूर खाली येतो, पुन्हा पिकअप घेतला की वर चढतो. गाडी सिग्नलला उभी असली तरी बारीक आवाजात त्याचं चालूच. होतं असं तुमच्या गाडीत? मग बॉस, तुम्ही आमच्या क्लबचे मेंबर आहात.

या क्लबात कोण असतं? ज्यांनी गाडी सेकंडहँड घेतली किंवा पैसे वाचवायला बेस मॉडेल घेतलं, आणि मग बाहेरून डेक, ॲम्प्लिफायर आणि डिकीत वूफर बसवून घेतला, ते सगळे. आता शोरूममधून येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत टचस्क्रीन आधीच असतो. तोही एसी, रिव्हर्स कॅमेरा असल्या दहा गोष्टींमध्ये असा गुंतलेला, की त्याला हात लावायची कुणाची टाप नाही. पण आपल्यासारख्या ईएमआयवाल्या जनतेच्या गाड्या दहा-बारा वर्षं जुन्या. तिथे जुना डेक काढला, नवा बसवला, ब्लूटूथ आलं, थोडा बेस आला, की ऑफिसचा सव्वा तास सुसह्य होतो. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये माणूस दुसरं करणार तरी काय?

माझी गाडी २०११ ची वॅगन आर. विकणारा इंजिनिअर जर्मनीला निघाला होता. 'म्युझिक सिस्टिम तुम्हाला फ्री' हे वाक्य तो अशा थाटात म्हणाला, जणू आहेरच करतोय. डेक, दारांत चार स्पीकर, डिकीत बारा इंची वूफरची पेटी, आणि त्या पेटीच्या मागच्या अंगाला, सीटच्या पाठीकडे तोंड करून स्क्रूने आवळलेला ॲम्प. म्हणजे पेटी उचलून बाहेर काढल्याशिवाय ॲम्प कुणाला दिसणारच नाही. ही जागा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

त्या ॲम्पवर मोठ्या सोनेरी अक्षरांत '१८०० वॉट' असं छापलंय. जाता जाता एक फंडा सांगते, दुकानात उपयोगी पडेल. ॲम्पच्या बाजूला खोचलेला फ्यूज बघायचा. माझ्या ॲम्पला एकच आहे, ३० अँपिअरचा. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट असतात. ३० गुणिले १४ म्हणजे ४२० वॉट. याहून जास्त वीज आत सतत जाऊच शकत नाही, फ्यूज उडेल. त्यातलीही निम्म्याच्या आसपास या जातीच्या ॲम्पमध्ये उष्णता होऊन जाते. उरले दोनशे-सव्वादोनशे. १८०० चा आकडा आला कुठून, ते छापणाऱ्यालाच ठाऊक. असो.

तर रडगाणं. हे दुखणं आपल्या नाना पेठेतल्या एखाद्या फिटरचं पाप नाही, ते गाडीतल्या संगीताइतकंच जुनं आहे. १९३० मध्ये शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी गाडीचा रेडिओ बाजारात आणला आणि त्याचं नाव ठेवलं मोटोरोला. तेव्हापासून फिटिंग करणाऱ्याची खरी डोकेदुखी एकच. इंजिन स्वतःच विजेचा एवढा गोंगाट करतं, की तो स्पीकरपर्यंत पोचू द्यायचा नाही, हे बघणं. स्पार्क प्लगची टकटक, अल्टरनेटरची शिट्टी. नव्वद वर्षं उलटून गेली, डेक पातळ झाले, कॅसेट गेल्या, सीडी आल्या नि गेल्या. शिट्टी आहे तिथेच आहे.

मासकॉमला आम्हाला साउंडचा एक आख्खा पेपर होता. हम, हिस, ग्राउंड लूप... हे सगळे शब्द मी उत्तरपत्रिकेत लिहून मार्क मिळवलेत. पण गाडीच्या दुकानात तुम्ही मुलगी असून 'ग्राउंड लूप असेल का?' असं विचारलंत, तर समोरचा तुमच्याकडे न बघता तुमच्या सोबत आलेल्या मित्राला उत्तर देतो. माझ्या मित्राला फ्यूज आणि फ्लॅशमधला फरक कळत नाही. तो बिचारा मान डोलावत होता.

तीन दुकानं झाली. पहिल्याने सांगितलं, 'मॅडम, आरसीए केबल लोकल आहे.' बदलली. शिट्टी तशीच. दुसऱ्याने एक छोटी डबी मध्ये घातली, फिल्टर म्हणे. त्या डबीत बारीकसे ट्रान्सफॉर्मर असतात. शिट्टी कमी झाली खरी, पण खालचा बेसही बसला, म्हणजे ज्याच्यासाठी वूफर ठेवायचा तेच गेलं. तिसऱ्याने डेककडे एक नजर टाकली आणि म्हणाला, 'मशीन बदला.' या तिघांपैकी एकानेही मल्टिमीटर बाहेर काढला नाही. मला राग आला होता. पण नंतर विचार केला तर त्यांचंही गणित कळतं. आपण वस्तूचे पैसे देतो, शोधण्याचे देत नाही. 'अर्धा तास फॉल्ट शोधला, त्याचे पाचशे द्या' असं कुणी म्हणालं, तर आपणच म्हणू, 'केलंत काय पण?' त्यामुळे दुकानदार वस्तू विकतो. शोधायला कोणाला परवडतंय?

शिट्टी मी सहन केली असती. पण गाडीला दुसरंही एक दुखणं होतं, आणि ते आणि हे एकच आहे, असं तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. गाडी अधूनमधून चालूच व्हायची नाही. रोज चालवली की काही नाही. असाइनमेंटसाठी साताऱ्याला, कोल्हापूरला गेले की पठ्ठी एकदम टकाटक. पण दोन दिवस घरी बसून कॉपी लिहिली, की तिसऱ्या दिवशी सेल्फ मारल्यावर नुसतं 'टक्'. दुकानदार म्हणाला, बॅटरी म्हातारी झालीय. पटण्यासारखं होतं. मे महिन्यात नवी टाकली.

जूनमध्ये एका रात्री सव्वादोनच्या सुमाराला आईने मला उठवलं. बाबा पलंगावर बसलेले, घामाने बनियन ओला, छातीवर हात. ते मला म्हणाले, 'काही नाही, ॲसिडिटी असेल.' आवाज त्यांचा नव्हता. मी चावी घेऊन जिना उतरले, त्यांना आणि आईला खाली आणलं, मागच्या सीटवर बसवलं आणि सेल्फ मारला. टक्. पुन्हा मारला. टक्टक्टक्टक्. डॅशबोर्डचे दिवे मिणमिणले आणि विझले. बॅटरी सात आठवड्यांची होती. तीन दिवस गाडी जागची हलली नव्हती, कारण मला एक मोठा लेख द्यायचा होता.

आईने १०८ लावायला फोन काढलाच होता. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधला दादा आमचा आवाज ऐकून गॅलरीत आला, आणि दोन मिनिटांत त्याची गाडी खाली उभी राहिली. हाफ पँटवर आला होता. रस्ते रिकामे होते. हॉस्पिटलमध्ये ईसीजी झाला, सकाळी अँजिओप्लास्टी, एक स्टेंट. डॉक्टर म्हणाले, 'वेळेत आणलंत.' आई मान हलवत होती आणि मी त्या दादाकडे बघत होते. तो कॉरिडॉरमध्ये खुर्चीत बसल्या बसल्या झोपला होता.

बाबा घरी आले, आणि मी ठरवलं की आता नवीन काहीही विकत घ्यायचं नाही. आधी कळलं पाहिजे.

आमच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर एक काका राहतात. एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून इलेक्ट्रिशियन म्हणून रिटायर झालेले. सोसायटीचा पंप बिघडला की सेक्रेटरीला काका आठवतात, एरवी नाही. मी रविवारी सकाळी त्यांची बेल वाजवली. सगळं ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला.

'रोज काढलीस गाडी तर बंद पडते का?'

'नाही काका. दोन दिवस उभी राहिली की.'

'मग बॅटरीचा काय दोष? रात्रभर कोणीतरी पितंय तिला. कोण पितंय ते बघू.'

काकांकडे एक टेस्ट लॅम्प आहे. एसटीच्या इंडिकेटरचा बल्ब आणि दोन वायरी, बस्स. मी तपकीर गल्लीत जाऊन साडेतीनशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर आणला. (बुधवार पेठेतली ही गल्ली ज्या पुणेकराला माहीत नाही त्याने घरातली ट्यूब स्वतः बदललेली नाही, असं माझं मत आहे.) मल्टिमीटर म्हणजे काही रॉकेट सायन्स नाही, आणि यावर 'हे आपलं काम नाही' म्हणणाऱ्या माझ्या तमाम मैत्रिणींसाठी म्हणून नीटच सांगते. तीन गोष्टी मोजता आल्या की झालं: व्होल्ट, अँपिअर, आणि वायर सलग आहे की तुटलीय ते सांगणारी बीप.

आधी व्होल्ट. चार्जरवर रात्रभर ठेवलेली बॅटरी, तासभर शांत बसल्यावर, १२.६ दाखवते. म्हणजे फुल्ल. इंजिन चालू केलं की १४.१. अल्टरनेटर १३.८ ते १४.४ च्या मधे कुठेतरी देत असेल तर तो ठणठणीत. दोन संशयित पाच मिनिटांत सुटले. तीन दुकानांत मिळून हे कुणी केलं नव्हतं.

मग अँपिअर. यासाठी बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवायची, आणि मीटर मधोमध असा लावायचा, की गाडीत जाणारी सगळी वीज त्याच्यातून जाईल. एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी सोडवलेल्या केबलला. लाल काडीचं भोक १० अँपिअरचं. चावी काढलेली, दारं बंद. आणि मीटर लावलेला असताना चुकूनसुद्धा सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटरचं स्वर्गारोहण. गाडीतले कॉम्प्युटर झोपी जायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तोवर चहा. शांत झोपलेल्या गाडीने घड्याळ, डेकची मेमरी, लॉक असल्या फुटकळ कामांसाठी फार तर पन्नास मिलिअँपिअर प्यावेत, म्हणजे ०.०५.

माझी गाडी पीत होती ०.८६.

काकांनी कागदाच्या कपाच्या बुडावर हिशेब मांडला. दिवसाला साधारण २० अँपिअर-अवर. बॅटरी ३५ ची. म्हणजे दीड-दोन दिवसांत ठणठण गोपाळ. नवी टाका, जुनी टाका, सोन्याची टाका.

आता एकेक फ्यूज उपटत जायचं आणि मीटरकडे बघत राहायचं, आकडा पडला की चोर सापडला. पण काका म्हणाले, 'फ्यूज नंतर. कंपनीने दिलेल्या वायरिंगवर आधी संशय घ्यायचा नाही. बाहेरच्या माणसाने काय जोडलंय ते आधी.' आम्ही दोघांनी मिळून वूफरची पेटी उचलली. पेटीच्या मागे, अंधारात, ॲम्पचा हिरवा दिवा मस्त जळत होता. डेक बंद. चावी माझ्या जीन्सच्या खिशात. मी ॲम्पवर तळहात ठेवला, तो कोमट होता. दुधाच्या पातेल्यासारखा.

याचं कारण सांगायचं तर थोडं वायरींच्या रंगांवर यावं लागेल. बाहेरून बसवलेल्या डेकच्या मागे वायरींचा झुपका असतो, आणि बहुतेक सगळ्या कंपन्यांनी त्याचे रंग एकसारखे ठेवलेत. पिवळी म्हणजे बॅटरीतून कायम येणारे १२ व्होल्ट, मेमरी टिकवायला. लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारे. काळी अर्थ. पांढरी-करडी पुढचे दोन स्पीकर, हिरवी-जांभळी मागचे दोन, आणि ज्याच्यावर काळी रेघ ती त्या जोडीतली मायनस. या सगळ्यात एक बारीक निळी, पांढऱ्या रेघेची वायर असते. तिचं काम एवढंच, की डेक चालू झाला की ॲम्पला सांगायचं 'उठ', आणि डेक बंद झाला की 'झोप'. ती ॲम्पच्या 'रिमोट' नावाच्या स्क्रूला जोडायची. त्यासाठी डॅशबोर्ड उघडून, कार्पेट उचलून, चार-साडेचार मीटर वायर मागे न्यावी लागते.

ज्याने ही सिस्टिम बसवली त्याला कार्पेट उचलायचा कंटाळा आला असावा. त्याने ॲम्पच्याच १२ व्होल्टच्या स्क्रूपासून शेजारच्या रिमोटच्या स्क्रूला वायरचा एक तुकडा जोडून टाकला होता. लाल, अडीच इंचांचा. बॅटरीत जीव असेपर्यंत ॲम्प चालूच. गाणं असो, नसो. त्या रात्री बाबा मागच्या सीटवर बसले होते आणि त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावर हा डबा आमची शेवटची वीज गरम करत होता.

काकांनी स्क्रू सैल करून तो तुकडा काढला. हिरवा दिवा विझला. मीटरवर ०.०३.

एवढ्यावर आम्ही थांबलो असतो, तर गोष्ट निम्मीच राहिली असती. काकांची सवय अशी, की एक फॉल्ट सापडला की त्याच माणसाने केलेलं पुढचं कामही उघडून बघायचं. 'इथे आळस केला, तर तिथे पण केला असणार.' त्यांनी बॉनेट उघडलं आणि ॲम्पला जाणाऱ्या जाड लाल केबलवर, अगदी बॅटरीपासून, बोट फिरवत निघाले. अर्धा फूट, एक फूट, दीड फूट. मग थांबले.

'फ्यूज कुठाय?'

'आहे ना काका, ॲम्पवर. ३० चा.'

'तो ॲम्पचा. या वायरचा कुठाय?'

हा फरक मला त्या सकाळपर्यंत कुणी सांगितला नव्हता, आणि माझ्या मते या सगळ्या भानगडीत जाणून घ्यायची एकच गोष्ट असेल तर ती हीच. बॅटरीशेजारी लावायचा फ्यूज ॲम्प वाचवायला नसतो. तो वायरसाठी असतो. बॅटरी पुढे, ॲम्प डिकीत, आणि मधली चार-पाच मीटर केबल पायाखालून, सीटखालून, पत्र्याच्या धारांवरून गेलेली. वाटेत कुठेही ती सोलवटली आणि गाडीच्या पत्र्याला टेकली, की थेट शॉर्ट. ॲम्पवरचा फ्यूज त्याच्या पलीकडे राहतो, त्याला पत्ताही लागत नाही. सेल्फ मारताना छोट्या गाडीची बॅटरी शंभरेक अँपिअर सहज देते. शॉर्टमध्ये त्याच्या कितीतरी पट. केबल शेगडीच्या कॉइलसारखी लाल होते, आणि तिच्याभोवती असतं कार्पेट आणि सीटचा फोम. म्हणून फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत लावायचा. लांब लावला तर बॅटरी ते फ्यूज एवढा तुकडा उघडाच राहतो.

काकांचं बोट पुढे सरकलं. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याला एक भोक पाडून केबल आत नेली होती. तिथे रबरी बूच हवं. नव्हतं. उघड्या पत्र्याच्या धारेवर केबल टेकलेली, आणि इंजिनच्या थरथरीने तिथलं प्लास्टिक झिजत झिजत गेलेलं. टॉर्च मारला तर आत तांबं चमकलं. पत्र्यापासून एक सूत. फार तर दीड.

काका काही बोलले नाहीत. पान्याने बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली आणि बाजूला वळवून ठेवली. निगेटिव्ह आधी, नेहमी. पॉझिटिव्ह सोडवताना पाना पत्र्याला लागला तरी मग ठिणगी पडत नाही. खाली कट्ट्यावर बसून त्यांनी तंबाखू मळली. मी हिशेब करत होते. दिवाळीत गाडी घेतली. आईला डोंबिवलीला मावशीकडे नेलं, दोनदा. खंबाटकी. वरंध. सगळीकडे गाणी लावून.

दुसरा रविवार दुरुस्तीत गेला. जुनी केबल पूर्ण ओढून काढली. सोलून बघितली तर वर तांब्याचा मुलामा आणि आत चांदीसारखा पांढरा धातू, म्हणजे ॲल्युमिनियम. बाजारातल्या स्वस्त किटमध्ये हेच असतं. ॲल्युमिनियममधून तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच वीज वाहते, आणि प्लास्टिक जाड चढवलं की वायर जाडजूड दिसते. आम्ही ८ गेजची शुद्ध तांब्याची घेतली. बॅटरीपासून एक वीत अंतरावर ४० अँपिअरचा फ्यूज. पत्र्याच्या भोकात रबरी बूच, वर प्लास्टिकची नळी. निळी-पांढरी वायर डेकपासून कार्पेटखालून मागे. कार्पेट उचलायला मला वीस मिनिटं लागली, आणि खाली एक एसडी कार्ड, अकरा रुपये आणि जर्मन भाषेच्या क्लासची पावती सापडली.

शिट्टीचं राहिलंच की! खरं तर तिचा उलगडा सगळ्यात मजेशीर होता. फिल्टरची डबी काढून टाकली, म्हणजे शिट्टी पुन्हा जोरात. इंजिन चालू ठेवून काकांनी ॲम्पमधून आरसीएच्या पिना उपटल्या. शिट्टी गायब. म्हणजे ॲम्प आणि स्पीकर निर्दोष, आवाज त्या केबलमधून येतोय. मग माझा फोन, चार्जिंगला न लावता, एका छोट्या केबलने थेट ॲम्पला. गाणं स्वच्छ. आता दुकानदाराने नक्की म्हटलं असतं, 'बघा, डेकच खराब.' पण काकांनी मीटर व्होल्टवर टाकला. गाणं जोरात लावून एक काडी ॲम्पच्या अर्थच्या स्क्रूला, दुसरी लांब वायर लावून बॅटरीच्या निगेटिव्हला. इथे जवळपास शून्य यायला हवं, ०.१ च्या खाली. आलं ०.९.

ॲम्पची अर्थ वायर डिकीच्या पत्र्यात एका स्क्रूने ठोकलेली होती, रंगावरच. रंग वीज वाहून नेत नाही. स्क्रूच्या आट्यांना जेवढा पत्रा लागला तेवढीच काय ती वाट. आता ॲम्पमध्ये आलेल्या विजेला बॅटरीकडे परत जायचंय आणि हमरस्ता तुंबलेला. कर्वे रोडवर मेट्रोचं काम चालू होतं तेव्हा आपण काय करायचो? गल्लीबोळातून घुसायचो. वीजही तेच करते. ती आरसीए केबलच्या बाहेरच्या जाळीतून डेककडे आणि डेकच्या अर्थमधून बॅटरीकडे जाते. ही जाळी आहे गाण्याच्या सिग्नलसाठी, आणि तिच्यातून जाताना अल्टरनेटरची थरथर सोबत घेऊन जाते. इंजिन जितकं जोरात फिरेल तितकी ती थरथर बारीक आणि उंच. कुंईंईं. परीक्षेत पाच मार्कांना लिहिलेला ग्राउंड लूप हाच. तेव्हा आकृतीसकट लिहिला होता.

पॉलिशपेपरने दोन रुपयांच्या नाण्याएवढी जागा चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासली. वायरच्या टोकाला थिंबल दाबून बसवलं, नट-बोल्टने आवळलं, वरून गंज लागू नये म्हणून ग्रीस. वायर हातभरच, कारण अर्थ जितकी आखूड तितकी बरी. (सीटबेल्टच्या बोल्टला अर्थ जोडलेल्या गाड्या मी त्यानंतर दोन पाहिल्या. कृपा करून नको. तो बोल्ट तुमच्या जिवासाठी आहे, बेससाठी नाही.) मीटरवर ०.०४. शिट्टी बंद.

खर्च? केबल, फ्यूज, थिंबल, नळी, मीटर धरून अडीच हजारांच्या आत. तिसऱ्या दुकानातल्या 'मशीन'चा भाव अकरा हजार होता. काकांनी पैसे घेतले नाहीत, आईने त्यांच्याकडे पुरणपोळ्या पाठवल्या, त्या मात्र मोजून घेतल्या.

आता बिल्डिंगमध्ये आणि ग्रुपमध्ये माझी थोडी वट वाढलीय. एका मैत्रिणीच्या गाडीत ॲम्पचा लाल 'प्रोटेक्ट' दिवा लागायचा. स्पीकरच्या सगळ्या वायरी ॲम्पमधून काढल्या, दिवा हिरवा. मग एकेक लावत गेलो, मागच्या डावीला पुन्हा लाल. दाराच्या बिजागरीत ती वायर चिरडून पत्र्याला टेकली होती. अर्ध्या तासाचं काम. दुसऱ्या एकाला दुकानदाराने 'स्पीकर चांगले नाहीत, बेस येत नाही' म्हणून नवे घ्यायला लावले होते, नव्यांचाही बेस येईना. आम्ही दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घेतला आणि प्रत्येक स्पीकरच्या वायरला क्षणभर टेकवला. प्लसला प्लस लावल्यावर पडदा बाहेर यायला हवा. एकाचा आत गेला. उलटी जोडणी. एक स्पीकर हवा ढकलतोय तेव्हा दुसरा ओढतोय, आणि दोघांनी मिळून बेस खाऊन टाकलेला.

त्याने जुने स्पीकर एव्हाना ओएलएक्सवर विकले होते.

पहिल्या दुकानदाराला मी नंतर भेटले, बूच नसलेल्या भोकाचा फोटो दाखवायला. मोबाइल हातात घेऊन त्याने तो मोठा करून बराच वेळ पाहिला. 'आमच्याकडची फिटिंग नाही ही,' तो म्हणाला. खरंच नव्हती. मग म्हणाला, 'पण मॅडम, बॅटरीजवळचा फ्यूज सांगितला की कस्टमर म्हणतो, दोनशे रुपये वाढतात, राहू दे.' यावर मला पटकन काही सुचलं नाही. तुम्ही मात्र या रविवारी एकदा बॉनेट उघडा. बॅटरीच्या प्लसवरून मागे जाणारी जाड वायर शोधा आणि तिच्यावरून दीड फूट बोट फिरवा. काही लागलं बोटाला तर उत्तम.

बाबा आता दर तीन महिन्यांनी चेकअपला येतात, पुढच्या सीटवर. पहिल्याच फेरीला शनिवारवाड्यापाशी ते म्हणाले, 'हे मागे धडधडतंय ते कमी कर बाई, माझं आधीच एक धडधडतंय.' तेव्हापासून ते गाडीत बसले, की बेसचा नॉब शून्यावर. ते उतरले की पुन्हा वर.